तिसरा अंतरा

ती घटना मी आजवर कितीतरी वेळा सांगितली आहे. निवृत्तीच्या समारंभात सांगितली, नातवाच्या शाळेत सांगितली, भरतीची तयारी करणाऱ्या मुलांसमोर सांगितली. दर वेळी टाळ्या मिळाल्या. पण खरी एकदाही सांगितली नाही. आता सांगतो. नाव कुणाचेच घेणार नाही, कारण त्यातली बहुतेक माणसे अजून याच जिल्ह्यात राहतात आणि आपापल्या कामाला लागलेली आहेत.

माझ्या सेवेचे ते शेवटचे वर्ष होते. छत्रपती संभाजीनगरच्या पाट्यांवर तेव्हा औरंगाबाद असे नाव होते. शहरातल्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी निरीक्षक होतो. एके दिवशी मुंबईच्या एका संगीत कंपनीचा माणूस वकिलासह ठाण्यात आला. त्यांच्या गायिकेचे नवे गाणे अजून बाहेर यायचे होते, आणि त्याआधीच ते मोबाइलवर सगळीकडे फिरू लागले होते. कंपनीला फिर्याद द्यायची होती. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास निरीक्षकालाच करावा लागतो, म्हणून फाइल माझ्याच टेबलावर आली. खून, दरोडे, घरफोड्या यांचा तपास केलेल्या माणसाला गाणे चोरीला गेले म्हणजे नक्की काय गेले, हे समजून घ्यायलाच अर्धा दिवस लागला.

गायिका अजिंठ्याजवळच्या एका खेड्यातली. घर शेतकऱ्याचे. तिचा आवाज मोकळा होता, शेतातून हाक मारल्यासारखा. मोबाइलवर एकेक गाणे टाकत ती एवढी मोठी झाली होती की तिचे नाव माझ्या ठाण्यातल्या प्रत्येक शिपायाला माहीत होते, फक्त मलाच नव्हते. कंपनीशी तिचा हा पहिलाच करार होता. फिर्याद देणारा माणूस जाता जाता म्हणाला, गाणे घरातूनच फुटले असे निघाले तर करार रद्द होईल.

तिच्या चाहत्यांची संघटना हा प्रकार मी तोवर कधी पाहिला नव्हता. अध्यक्ष होता वैजापूरच्या मार्केट यार्डातला कांद्याचा एक अडत्या, वय चाळिशीचे. प्रत्येक तालुक्याला एक प्रमुख आणि प्रत्येक प्रमुखाचा एक व्हॉट्सअप ग्रुप. त्यात कॉलेजच्या मुली होत्या, नर्स होत्या, एसटीचे वाहक होते, दोन-तीन निवृत्त मास्तरही होते. ताईचे गाणे आले की ते पाळ्या लावून ऐकायचे, सकाळी अमुक तालुका, दुपारी तमुक, म्हणजे आकडा खाली येत नाही. ताईच्या वाढदिवसाला रक्तदान करायचे. एका गावात पूर आला तेव्हा सरकारी मदतीआधी यांच्या ताडपत्र्या पोहोचल्या होत्या. ही माणसे चांगली होती, हे मी आधीच लिहून ठेवतो, कारण पुढे जे झाले ते वाईट माणसांनी केले नाही.

फिर्याद नोंदवल्याच्या दुसऱ्याच दिवशी हा अध्यक्ष माझ्याकडे आला. पांढरा शर्ट, खिशात दोन मोबाइल. हातात एक जाड फाइल होती.

"साहेब, तुमचा वेळ नाय घेत. आमच्या पोरांनी काम करून आणलंय."

फाइल उघडली आणि मी बघतच राहिलो. गाणे पहिल्यांदा कुठे टाकले गेले, त्यानंतर कुठे, त्यानंतर कुठे, सगळे क्रमाने छापून लावलेले. इतकी नीट फाइल माझ्या कुठल्याच लेखनिक हवालदाराने तीस वर्षांत केली नव्हती. शेवटच्या पानावर एका माणसाचा फोटो होता. पडेगावात ज्या स्टुडिओत हे गाणे रेकॉर्ड झाले, त्याचा तो मालक.

"याच्यावर संशय का?" मी विचारले.

"गाणं त्याच्याकडं होतं. आन हा बघा, हा पुण्याच्या त्या गायकासाठी पण काम करतो. त्याचं गाणं आन आमच्या ताईचं, दोन्ही एकाच आठवड्यात यायचे होते. आता तुम्हीच सांगा साहेब, फायदा कुणाचा?"

पोलिसाला फायदा कुणाचा हा प्रश्न नोकरीच्या पहिल्या दिवसापासून शिकवलेला असतो. मी त्याला चहा पाजला आणि रेकॉर्डिस्टला बोलावणे पाठवले.

तो दुपारी आला. तिशीतला, सडपातळ, डोळ्यांवर चष्मा. पडेगावात दौलताबाद रस्त्याला त्याचा दोन खोल्यांचा स्टुडिओ. एप्रिलमधल्या जयंतीच्या आधी गाणी करून घेणाऱ्यांची तिथे रांग लागायची, बाकीचे वर्ष लग्नाची आणि देवाची गाणी. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. ताईचे काम हे त्याच्या आयुष्यातले पहिले मोठे काम होते.

"गाणं कुणाकुणाकडं होतं?"

"माझ्या कॉम्प्युटरवर, साहेब. आणि एक कच्ची कॉपी मी ताईंच्या फोनवर पाठवली होती, त्यांनी ऐकून दुरुस्त्या सांगाव्यात म्हणून. ती तर पाठवावीच लागते."

"म्हणजे फोडलं तू नाहीतर ताईनं स्वतः?"

"मी नाही फोडलं."

"ताई स्वतःचं गाणं फोडेल का?"

यावर तो गप्प बसला. खरा माणूस अशा प्रश्नावर गप्पच बसतो, कारण त्याच्याकडे उत्तर नसते. खोटा माणूस मात्र काहीतरी सुचवतो. हे मला तीस वर्षांत कळलेले होते, तरी त्या दिवशी मी त्याच्या गप्प बसण्याचा उलटा अर्थ लावला. त्याचा कॉम्प्युटर आणि मोबाइल पंचांसमक्ष जप्त केला आणि त्याला उद्या सकाळी पुन्हा यायला सांगितले. कागदावर तो साक्षीदार होता, पण माझ्या मनात नव्हता.

संध्याकाळी अध्यक्षाचा फोन आला. "काय झालं साहेब?" एवढेच त्याने विचारले. मी म्हणालो, "तुम्ही म्हणता तोच माणूस निघतोय असं दिसतंय." तपासातली गोष्ट बाहेरच्या माणसाला सांगू नये हे मी शिपायांना शिकवत आलो होतो. पण त्या फाइलने मी त्याला निम्मा पोलीसच समजू लागलो होतो.

माझा चहा संपायच्या आत ते वाक्य प्रत्येक तालुक्यात पोहोचले होते. फक्त पोहोचताना त्यातले "असं दिसतंय" गळून पडले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेकॉर्डिस्ट आला तेव्हा त्याच्या हातात बायकोचा मोबाइल होता, आणि तो सतत वाजत होता. पाळ्या इथेही लागल्या होत्या. सकाळी अमुक तालुक्याने फोन करायचे, दुपारी तमुक तालुक्याने. स्टुडिओच्या नावाखाली हजारो लोकांनी "चोर" लिहिले होते. त्यातल्या बहुतेकांनी पडेगाव नकाशातसुद्धा पाहिले नसेल. बायकोच्या शाळेत फोन गेले होते. मुख्याध्यापकांनी तिला चार दिवस घरी राहायला सांगितले होते. रात्रीतून स्टुडिओच्या शटरवर दगड पडले होते. जयंतीच्या गाण्यांची आगाऊ ठरलेली दोन कामे सकाळीच रद्द झाली होती.

"साहेब," तो म्हणाला, "तुम्ही मला अटक तरी करा. आत असलो तर लोक निदान माझ्या घरी जाणार नाहीत."

मी त्याला माझ्याच खोलीत बाकावर बसवले, आणि त्याच्या घरासमोर दोन शिपाई पाठवले. तेवढेच एक काम मी त्या दिवशी सकाळपर्यंत बरोबर केले होते.

दुपारी ठाणे अंमलदार आत आला. "साहेब, गेटवर मंडळी जमायलीत. लई हाय गर्दी."

बाहेर पाहिले तर रस्ता अर्धा भरला होता. वैजापूरहून, कन्नडहून, सिल्लोडकडून टेम्पो भरून माणसे आली होती. पुढे अध्यक्ष, त्याच्यामागे बायका-मुलींची एक रांग, मग बाकीचे. घोषणा एकच होती, चोराला बाहेर आणा. मी नियंत्रण कक्षाला कळवून जादा कुमक मागवली. ती येईपर्यंत गेट सांभाळायला माझ्याकडे मोजकीच माणसे होती. एखादा दगड आत आला असता तर काय झाले असते, याचा विचार मी आजही करत नाही.

दगड आला नाही. त्यांनी गाणे सुरू केले.

निषेधाची ती त्यांची रीत होती. ताईवर कुणी अन्याय केला की ताईचेच गाणे म्हणायचे. आणि म्हणण्यासाठी त्या दिवशी हेच गाणे होते, चोरीला गेलेले. शहरात शिकायला आलेल्या मुलीचे ते गाणे. "शहर मोठं, खोली लहान, खिडकीत माझं अख्खं रान," असे त्याचे धृपद. तपासासाठी मी ते इतक्या वेळा ऐकले होते की झोपेतही आठवायचे. पण दोनशे-अडीचशे गळ्यांतून, साथीला फक्त टाळ्या, असे ते पहिल्यांदाच ऐकत होतो. खरे सांगतो, गेटवरचे माझे शिपाईसुद्धा पायाने ठेका धरत होते.

मी खोलीत आलो. रेकॉर्डिस्ट बाकावर मान खाली घालून बसला होता. बाहेर पहिला अंतरा झाला, दुसरा झाला. मग एकदम आवाज कमी झाला. मागची गर्दी थांबली होती आणि फक्त पुढच्या रांगेतल्या बायका गात होत्या.

"रडत निघाले ज्या दारातून, गात शिरेन मी त्या दारातून..."

त्याने मान वर केली.

"साहेब, हे यांना कसं माहीत?"

"काय?"

"हा तिसरा अंतरा आहे. फुटलेल्या गाण्यात हा नाहीच. ते दुसऱ्या अंतऱ्यावर तुटतं. तुम्हीच काल मला ऐकवलंत ना. मागचे लोक बघा, गप्प झालेत. त्यांना येत नाही. पुढच्यांना येतंय."

फुटलेले गाणे मी पन्नास वेळा ऐकले होते. ते कुठे तुटते हे मीच केस डायरीत माझ्या हाताने लिहिले होते. बाहेर आता त्याच्या पुढचे गायले जात होते, माझ्या कानांवर पडत होते, आणि मला काहीही खटकले नव्हते. ज्याच्या नावाने बाहेर घोषणा चालल्या होत्या, त्या माणसाला ते खटकले. कारण तो घाबरलेला असतानासुद्धा गाणे ऐकत होता, आणि मी गर्दी ऐकत होतो.

वर्तमानपत्रातल्या माझ्या मुलाखतीत "निरीक्षकांच्या तीक्ष्ण कानांनी" असे छापून आले आहे. ते कान माझे नव्हते.

मी गेटवर गेलो. अध्यक्षाला आत बोलावले, आणि पुढच्या रांगेतली एक बाई निवडली. ती वैजापूरकडची नर्स होती, पन्नाशीची, ठसठशीत कुंकू, आवाज खणखणीत. महिला शिपायाला शेजारी बसवून मी बाईंना विचारले, "मावशी, छान गाता. किती दिवस झाले बसवून?"

"झाला की महिना." त्यांना अभिमान लपवता येत नव्हता. "आमची पहिली रांग हाय ना. आमचा नेमच हाय तो. ताईचं नवं गाणं स्टेजवर पहिल्यांदा होतं, तवा पहिल्या रांगेला सगळं पाठ पायजे. आम्ही गायलो की मागचे गातेत. पहिल्याच दिशी अख्खं मैदान गायलं नाय तर ताईची काय शोभा राहिली?"

"बरोबर. आणि गाणं बाहेर यायच्या आधी तुम्हाला मिळतं कुठून?"

"अध्यक्षच देत्यात. या वक्ताला दोन तुकडे करून दिलं. आधी दोन अंतरे समद्या तालुक्यांच्या प्रमुखांला, मंग शेवटचा फक्त आमाला, रांगेला." बोलता बोलता त्यांनी अध्यक्षाकडे पाहिले. "आसं का बघायला भाऊ? मी काय चुकीचं बोलले का?"

अध्यक्षाने मान खाली घातली. कांद्याच्या लिलावात शंभर माणसांना आवाजाने गप्प करणारा तो माणूस, त्याला पाणी द्यावे लागले.

पुढचे सगळे त्याने स्वतःच सांगितले. ताईचा फोन तिचा भाऊ सांभाळायचा. रेकॉर्डिस्टने पाठवलेली कच्ची कॉपी अध्यक्षाने त्या भावाकडून मागून घेतली होती. नेहमीसारखीच, पाठांतरासाठी. पहिला तुकडा तालुकाप्रमुखांना दिला, कुणाला पाठवायचा नाही म्हणून शपथ घालून. त्यातल्या एकाने बायकोला पाठवला, बायकोने बहिणीला. पुढचे सांगायला नको.

"मी चोरी नाय केली साहेब. ताईसाठीच केलं."

"मग ज्या दिवशी फुटलं त्या दिवशी सांगायचं होतं. गप्प का बसलास?"

"गप्प कुठं बसलो साहेब," तो म्हणाला. "मी तर लई बोललो. दुसऱ्याचं नाव घेऊन." मग म्हणाला, "ताईचा करार मोडला असता. मला वाटलं, एका माणसाला दोन दिस त्रास व्हईल, मंग लोक विसरतील."

बाकावरचा रेकॉर्डिस्ट हे सगळे ऐकत होता. मला वाटले होते तो उठून याची कॉलर धरेल. तो एवढेच म्हणाला, "अध्यक्ष, माझी बायको शाळेत जायला भिते. हे तुम्ही लावलंय. तुम्हीच काढा."

गेटच्या आत एक ओटा होता. मी अध्यक्षाला त्यावर उभे केले, शेजारी रेकॉर्डिस्टला, आणि त्याच्या शेजारी मी. कुमक येऊन पोहोचली होती, तरी माझ्या मनात धाकधूक होतीच. खरे ऐकल्यावर हीच गर्दी अध्यक्षावर धावून गेली असती तर?

अध्यक्षाने हात वर केला. गर्दी शांत झाली.

"गाणं ह्यांनी नाय फोडलं. माझ्याकडून फुटलं. मी तुमाला खोटं सांगितलं."

मागून एक पोरगा ओरडला, "म्हणजे आम्ही रातभर शिव्या दिल्या त्या कुणाला?" मग ती नर्सबाई आमच्यामागून पुढे आली. तिने रेकॉर्डिस्टच्या पायाकडे हात नेला. तो पटकन मागे सरला. "मावशी, नका. तुमचा सूर लागला होता चांगला. फक्त शेवटची ओळ घाईत घेता तुम्ही."

आधी कुणीतरी हसले. मग बरेच जण हसले, आणि काही जणी डोळे पुसायला लागल्या. ती गर्दी त्या क्षणी माझ्या नव्हे, त्याच्या ताब्यात गेली.

त्यानंतर जे झाले ते मी पोलीस म्हणून कधीच करू शकलो नसतो. ज्या यंत्रणेने एका रात्रीत त्याचे नाव मातीत घातले होते, तीच उलटी फिरली. तालुकाप्रमुखांनी आपापल्या माणसांकडून "चोर" पुसून घेतले. एकेकाने स्वतःच्या नावाने आणि फोटोसह चूक कबूल केली. पडेगावच्या स्टुडिओचे शटर सिल्लोडच्या पोरांनी स्वतः येऊन रंगवले. वैजापूरच्या दोन निवृत्त मास्तरांनी शाळेत जाऊन मुख्याध्यापकांची भेट घेतली, आणि सोमवारी बाई वर्गावर होत्या. दोन दिवसांनी बाईंचाच मला फोन आला. "साहेब, एक विनंती आहे. आता माफीचे फोन बंद करायला सांगा. तेही पाळ्या लावून येताहेत."

गायिकेने कंपनीला सगळे खरे लिहून कळवले, भावाची चूकही लपवली नाही. मी कंपनीच्या माणसाला त्या गेटवरचे, सगळ्यांनी गायलेले आणि एका शिपायाने टिपलेले गाणे मोबाइलवर दाखवले. तो बराच वेळ बघत राहिला. करार राहिला. चोरीच झाली नव्हती, गैरसमजातून गुन्हा नोंदला गेला होता, म्हणून मी न्यायालयात 'क' समरी पाठवली आणि फाइल बंद झाली.

गाणे ठरल्या दिवशीच स्टेजवर आले. मैदान इतके भरले होते की बंदोबस्ताला मला स्वतःला उभे राहावे लागले. ध्वनिव्यवस्थेच्या टेबलाशी रेकॉर्डिस्ट होता. शेजारी त्याची बायको, आणि मैदानात कुठेतरी अध्यक्ष, अगदी शेवटच्या रांगेत. ती जागा त्याने स्वतः मागून घेतली होती. तिसरा अंतरा आला. गायिकेने माइक पुढे केला आणि स्वतः गप्प राहिली. पहिल्या रांगेने उचलले, आणि पाठोपाठ सगळ्या मैदानाने. शेवटची ओळ त्यांनी घाईत घेतली नाही. रेकॉर्डिस्टने चष्मा काढून शर्टाला पुसला आणि पुन्हा बटणांकडे लक्ष दिले. त्या वर्षी जयंतीच्या आधी त्याच्याकडे एवढी कामे आली की त्याने दोन माणसे ठेवली.

पुढच्या महिन्यात प्रेसनोट गेली. "तांत्रिक तपास व कौशल्यपूर्ण चौकशीद्वारे." मसुदा मीच लिहिला होता. त्याचे प्रशस्तिपत्र मिळाले. ते घेताना मी हसलो होतो, फोटो आहे.

या प्रकरणाने मला काय शिकवले, असे लोक विचारतात. एका गाण्यामुळे एकत्र आलेली माणसे एका दिवसात किती मोठे काम करू शकतात, हे मी पाहिले. तसे काम मी माझ्या कुठल्याच पथकाकडून करून घेऊ शकलो नाही. पण काम काय करायचे, हे त्यांना कुणीतरी एक वाक्य बोलून सांगतो, आणि ते वाक्य तपासायला कुणालाही वेळ नसतो. त्या दोन दिवसांतले निम्मे वाक्य अध्यक्षाचे होते. निम्मे माझे होते, आणि माझ्या वाक्याला वर्दी होती.

हे लिहायच्या आधी मी रेकॉर्डिस्टला फोन केला. श्रेय तुझे आहे, तुझे नाव छापू का, विचारले. तो म्हणाला, "नको साहेब. माझं नाव एकदा सगळ्यांनी घेऊन झालंय. तुमचं मात्र काढा त्यातून."

काढले. तो गुन्हा मी उघड केला नाही. ज्याच्यावर मी संशय घेतला, त्याने तो माझ्या खोलीतल्या बाकावर बसून उघड केला.